भरून काढलेले ठोके

महादेवी कोरे तपासणीच्या खोलीत आली आणि खुर्चीवर न बसता टेबलाशी उभी राहिली. डॉक्टर हेमांगी आवटीनं तिला लगेच ओळखलं. मिरजेच्या त्या हृदयरोग केंद्रात दोन वर्षांपासून एका नव्या गोळीचा प्रयोग चालू होता. ज्यांचं हृदय मधूनच ताल सोडून धावतं त्यांच्यासाठी ती गोळी होती, आणि इथल्या प्रयोगाची जबाबदारी हेमांगीवर होती. महादेवीचा नवरा शिवलिंग त्यातलाच एक रुग्ण; सगळ्यांसारखी त्याच्याही छातीला ठोके नोंदणारी पट्टी चिकटवलेली असायची. सांगलीत हळदीचं कांडप चालवायचा; तो तपासून गेला की खोलीत बराच वेळ हळदीचा वास रेंगाळायचा. फाल्गुनात तो घरीच वारला. हेमांगी मातीला जाऊन आली होती.

महादेवीनं काय झालं ते उभ्यानंच सांगितलं. प्रयोगातला रुग्ण दगावला की घरच्यांना एक अहवाल पाठवायचा असतो. तो पुण्याच्या मुख्य केंद्रातून परस्पर भाच्याच्या फोनवर आला होता आणि भाच्यानं मामीला वाचून दाखवला होता. रुग्णाच्या हृदयाचे ठोके छातीवरची पट्टी काढेपर्यंत नियमित होते, सबब मृत्यूचा गोळीशी संबंध नाही, असं त्यात लिहिलं होतं.

त्या दिवशी महादेवी दुपारची बाजारातून परतली तेव्हा शिवलिंग खाटेवर गार पडलेला होता. गल्लीतले डॉक्टर आले, बघून दाखला देऊन गेले. पाहुणे गोळा झाले. दिवस कलताना अंघोळ घालायला घेतली तेव्हा भाच्याच्या हाताला छातीवरची ती पट्टी लागली. त्यानं ती सोलून काढली आणि शिकवल्याप्रमाणं मुडपून बंद केली. मग विभूती लावून, बसवून माती दिली. कोरे लिंगायत, त्यांच्यात पुरतात.

"पट्टी मातीच्या जरा आधी काढली," महादेवी म्हणाली. "तवर ठोकं चालू होतं म्हणतंय हे. बाई, खरं सांगा. मी जितं माणूस पुरलं काय?"

हेमांगी उठून टेबलाच्या पलीकडे गेली आणि तिला धरून खुर्चीत बसवलं. असं होणं शक्य नाही, डॉक्टरांनी बघितलं होतं, हात गार होते हे तुम्हीच सांगताय, असं तिनं परत परत सांगितलं. महादेवी ऐकत होती, पण ते आत जात नव्हतं. डॉक्टर माणूस आहे, चुकला असेल. यंत्राला खोटं बोलून काय मिळणार, एवढाच तिचा हिशेब होता. अहवाल येऊन महिना झाला होता, तेव्हापासून तिच्या घशाखाली घास उतरत नव्हता. भाचा तर मामीच्या नजरेला नजर देत नव्हता. माती उकरून बघायची भाषा भावकीतल्या एकानं काढली होती.

ती गेल्यावर हेमांगीनं दार लावून शिवलिंगची फाईल उघडली.

पडद्यावर हृदयाची रेषा धावू लागली. ती निरोगी, नेटकी होती, बघत राहावी अशी. दाखल्यावरची मृत्यूची वेळ तिनं शोधून काढली आणि तिथून पुढे सरकत गेली. या वेळेला बायका रडत असणार. या वेळेला पाहुण्यांच्या गाड्या दारात लागल्या असतील. या वेळेला चौघांनी मिळून शिवलिंगला उचललं असेल. आणि पडद्यावर शिवलिंगचं हृदय दुपारच्या जेवणानंतर पेपर वाचत पडलेल्या माणसासारखं निवांत चाललं होतं. त्याला कुणी उचललं, पाणी घातलं, याचा रेषेवर एक ओरखडा नव्हता.

ती फाईल 'सार' नावाच्या संगणकीय साच्यात होती. 'सार' लिहिलं होतं प्राचीनं, हेमांगीच्या धाकट्या बहिणीनं.

काही वर्षांपूर्वीपर्यंत प्रत्येक यंत्राची फाईल वेगळी असायची. एका कंपनीच्या यंत्रानं नोंदलेलं दुसऱ्या कंपनीच्या संगणकावर उघडायचं नाही. संशोधक निवृत्त झाला, संगणक बिघडला, की वीस वर्षांचे प्रयोग मातीमोल. शिवाय या नोंदी अवाढव्य असत. छातीवरची पट्टी सेकंदाला शेकडो आकडे लिहिते. एका माणसाचं वर्ष साठवायचं म्हटलं तरी लहान गावातल्या रुग्णालयाला झेपत नसे. प्राचीनं त्यावर उपाय काढला. तिचं म्हणणं साधं होतं. लग्नाची चित्रफीत घ्या. अंतरपाट, अक्षता, पंगत, रुसलेले मामा हे सगळ्या लग्नांत जवळपास सारखंच. मग प्रत्येक लग्नाचं सगळं कशाला साठवायचं? 'लग्न कसं असतं' हे संगणकाला एकदा शिकवा आणि फाईलमध्ये एवढंच लिहा की या लग्नात वेगळं काय होतं. बाकीचं तो उघडताना स्वतः भरेल. हृदयाचंही तसंच. लाखो ठोके बघितलेल्या प्रणालीला पुढचा ठोका कसा असणार ते आधीच ठाऊक असतं. म्हणून अंदाज आणि प्रत्यक्ष यांच्यातला फरक तेवढा ठेवायचा, आणि फरक किरकोळ असेल तर तोही टाकून द्यायचा. हत्तीएवढी फाईल उंदराएवढी व्हायची आणि कुठेही उघडायची. सरकारनं ती सगळ्या प्रयोगांना सक्तीची केली. नद्यांचं पाणी, पिकांची वाढ, लशींच्या चाचण्या, सगळंच 'सार'मध्ये जाऊ लागलं. प्राचीचा सत्कार झाला तेव्हा पहिल्या रांगेत हेमांगी होती. आई लवकर गेली होती. प्राचीच्या वेण्या घालण्यापासून तिला पुण्याच्या वसतिगृहात सोडण्यापर्यंत सगळं हेमांगीनंच केलं होतं.

तिनं प्राचीला फोन लावला आणि मेलेल्या माणसाचं हृदय तुझ्या फाईलमध्ये कसं चालतं, असं सरळ विचारलं.

प्राचीनं आधी ते हसण्यावारी नेलं, मग सावकाश सांगितलं. घामानं पट्टी सुटते, माणूस कुशीवर वळला की निघते. त्या वेळी रेषा सपाट होते. सपाट रेषा आली की रुग्णालयांच्या प्रणाली अडायच्या, तक्रारी यायच्या. म्हणून तिसऱ्या आवृत्तीपासून 'सार' अशी जागा भरून काढतं, त्याच माणसाच्या आधीच्या ठोक्यांवरून. त्वचा चिकटली आहे की नाही ते ओळखणारा भाग पट्टीत होता, पण पट्टी स्वस्त करण्यासाठी तो गाळला गेला.

"म्हणजे हृदय थांबलं काय आणि पट्टी सुटली काय, तुला दोन्ही सारखंच."

"हृदय थांबणं फार विरळ असतं, ताई. पट्टी रोज सुटते."

हेमांगीनं मूळ नोंद मागितली. अंदाज घालायच्या आधीचे, पट्टीनं प्रत्यक्ष टिपलेले आकडे. मूळ असं काही नसतंच, प्राची म्हणाली. पट्टीतच 'सार' बसवलेलं आहे. छातीवरून बाहेर येतं ते सारच.

दुसऱ्या दिवशी सकाळी हेमांगीनं एक नवी पट्टी स्वतःच्या छातीला लावली. दुपारी ती सोलली, न मुडपता औषधांच्या कपाटावर ठेवली आणि राउंडला निघून गेली. संध्याकाळी फाईल उघडली. सकाळी तिचं हृदय चालत होतं. दुपारी कपाटावर पडलेल्या प्लास्टिकच्या तुकड्यातही तिचं हृदय चालत होतं, आणि दोन्हींत फरक सांगणारी एकही खूण नव्हती.

तशीच गाडी काढून ती सांगलीला गेली. महादेवीच्या घरी ओट्यावर बसून तिनं तिला आणि भाच्याला ती फाईल दाखवली, कपाट कुठलं, पट्टी कुठे होती ते सांगितलं. महादेवीनं पडद्यावरच्या रेषेकडे आणि मग समोर बसलेल्या हेमांगीकडे बघितलं. तिचे खांदे खाली आले. भाचा उठून मागच्या दारी गेला आणि बराच वेळ आत आला नाही. महादेवी रडली नाही. तिचा चेहरा हळूहळू कठीण होत गेला.

"असल्या पट्ट्या अजून किती लोकांच्या छातीवर हाईत?" तिनं विचारलं.

घरी परतताना हेमांगीच्या डोक्यात तेवढंच घुमत होतं. मिरजेत चाळीसेक, आणि देशभरात अशी पन्नासच्या वर केंद्रं. धावतं हृदय आवरणारी गोळी काही जणांत ते जास्तच आवरत असेल, मधेच क्षणभर थांबवत असेल, तर प्रत्येक वेळी रेषा सपाट होणार. आणि प्रत्येक वेळी 'सार' म्हणणार, पट्टी सुटली असेल. या गोळीनं कुणालाही बाधा होत नाही, असं दोन वर्षं सगळे कौतुकानं सांगत होते. बाधा झाली तरी दिसली कशी असती?

तिनं अडगळीतलं जुनं यंत्र बाहेर काढलं. तारा लावून कागदावर रेषा काढणारं, काहीही न शिकलेलं यंत्र. आपल्या रुग्णांना ती रोज तीन-चार जण करून बोलावू लागली. एकेकाला तासन् तास त्या यंत्राला जोडून बसवलं, छातीवरची पट्टी तशीच ठेवून. पहिल्या आठवड्यात काही सापडलं नाही. नंतर कमल हुक्केरी आल्या. त्या शाळेत भूगोल शिकवायच्या आणि बोलायला लागल्या की थांबत नसत. नातवाच्या मुंजीबद्दल सांगता सांगता त्या मधेच गप्प झाल्या. कागदावरची रेषा सपाट झाली होती. हेमांगीचा हात त्यांच्या छातीकडे निघाला, तोवर रेषा पुन्हा उसळली.

"जरा अंधारी आल्यासारखं झालं," कमलताई म्हणाल्या. "काय सांगत होते मी?"

त्याच क्षणाची पट्टीची फाईल हेमांगीनं उघडली. ठोके एका ओळीत, शिस्तीत. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कमलताईंना तिनं भरती करून घेतलं आणि तिथल्या तिथे केंद्रातल्या सगळ्या रुग्णांची गोळी बंद केली.

प्रयोगाचे देशातले प्रमुख डॉक्टर तुळपुळे पुण्यात बसायचे. त्यांचा फोन तासाभरात आला. आवाज नेहमीसारखा गोड होता. परवानगीशिवाय गोळी थांबवणं म्हणजे नियमभंग, हे त्यांनी तिला वडीलकीच्या सुरात समजावलं. कागदाच्या रेषेबद्दल ते म्हणाले की ती पुरावा म्हणून चालणार नाही. प्रयोगाचा पुरावा 'सार'मध्येच लागतो, तसा पाठवा, मी स्वतः लक्ष घालतो. हेमांगीनं कागदावरची रेषा आकड्यांत उतरवून घेतली आणि 'सार'मध्ये घालून पाठवली. ती नोंद पुण्याला पोचली तेव्हा मधली सपाट जागा भरलेली होती. डॉक्टर तुळपुळे यांनी कळवलं की पाठवलेल्या नोंदीत काहीही वावगं आढळलं नाही. सोबत तिच्या निलंबनाचा आदेश होता.

प्राची रविवारी मिरजेला आली. येताना ताईला आवडतात म्हणून अंजिरं घेऊन आली. हेमांगीनं ती पिशवी दारातच ठेवून दिली.

पहिल्यांदा दोघी शांतपणे बोलल्या. हेमांगीच्या तक्रारीवर औषधांना परवानगी देणाऱ्या समितीसमोर सुनावणी होणार होती आणि तिथे दोघींना बोलावलं होतं. प्राचीचं म्हणणं होतं की ताईनं गोळीबद्दल बोलावं, 'सार'बद्दल नको. 'सार'वरचा विश्वास उडाला तर देशातला एकही प्रयोग खरा मानता येणार नाही. लशी, धरणं, बियाणं, सगळं संशयात जाईल. पुढच्या आवृत्तीत ती हे गुपचूप दुरुस्त करून टाकेल. आणि ताईनं जरा मागचं आठवावं. 'सार' नसतं तर मिरजेसारख्या गावात असला प्रयोग आलाच नसता. तो पुण्या-मुंबईच्या दोन-चार मोठ्या रुग्णालयांत झाला असता आणि हेमांगी जन्मभर खोकला-ताप तपासत बसली असती.

ते खरं होतं. त्यानं हेमांगी जास्तच भडकली.

भरलेली जागा ओळखता येईल अशी खूण फाईलमध्ये का नाही, असं तिनं विचारलं. प्राचीनं खिडकीकडे बघत सांगितलं की आधी होती. तिसऱ्या आवृत्तीच्या पहिल्या चाचणीत भरलेला भाग करड्या रंगात दिसायचा. करडं जास्त दिसलं की समिती फाईल परत पाठवायची, प्रयोग लांबायचे. औषध कंपन्या वैतागल्या. तेव्हा बैठक झाली. तुळपुळे सरांनी सुचवलं की खूण ऐच्छिक करावी. ऐच्छिक झाल्यावर कुणीच ठेवली नाही, मग ती पुसूनच टाकली.

"आणि पुसली कुणी?"

"बैठकीत ठरलं, ताई. मी एकटी नव्हते."

"ठरलं बैठकीत. पुसली कुणी?"

प्राचीनं खिडकीची कडी लावली आणि पुन्हा काढली.

"तुला माहीत होतं की ही जागा तू भरलेली आहेस," हेमांगी म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. तो खाली गेला होता. "माहीत नाही असं लिहायला तुला लाज वाटली. म्हणून तू खोटं लिहिलंस, आणि ते खरं वाटावं म्हणून त्याच माणसाच्या अक्षरात लिहिलंस. त्या बाईनं नवऱ्याला जिवंत पुरलं असं समजून महिना काढला, प्राची. घरात एकटीनं काढला."

प्राचीच्या डोळ्यांत पाणी आलं. हेमांगीनं ते बघितलं आणि उठून स्वयंपाकघरात गेली. लहानपणी प्राची रडली की हेमांगी तिला जवळ घ्यायची. आताही घेतलं असतं, म्हणूनच ती बाहेर आली नाही. प्राची संध्याकाळच्या गाडीनं परत गेली.

सुनावणी मुंबईत झाली. लांबलचक टेबल, पाण्याच्या बाटल्या, डॉक्टर तुळपुळे एका टोकाला, कंपनीचे वकील त्यांच्या शेजारी. प्राची त्यांच्या बाजूला बसली होती. हेमांगीनं सगळं सांगितलं. शिवलिंग, कपाटावरची पट्टी, कमलताई. वकिलानं नम्रपणे विचारलं की डॉक्टर आवटींच्या जुन्या यंत्राची तार सैल नव्हती कशावरून. तुळपुळे यांनी कपाटावरच्या प्रयोगाला पट्टीचा गैरवापर म्हटलं. दोन-तीन सदस्यांनी मान डोलावली. इथून उठून जायचं आणि वर्तमानपत्रांना सगळं सांगून टाकायचं, असं हेमांगीच्या मनात आलं.

अध्यक्षबाई सांख्यिकीच्या निवृत्त प्राध्यापिका होत्या. त्यांनी चष्मा पुसला आणि प्राचीकडे वळून एकच प्रश्न विचारला. या प्रयोगाच्या फाईलींमध्ये असा एखादा तरी ठोका आहे का, जो कुणाच्याही हृदयानं मारलेला नाही?

तुळपुळे मधे बोलायला लागले. अध्यक्षबाईंनी हात वर करून त्यांना थांबवलं.

प्राची म्हणाली, "आहेत. प्रत्येक फाईलमध्ये आहेत. कुठे आहेत ते मला सांगता येणार नाही. ती खूण मी काढून टाकली."

त्यानंतर बराच वेळ प्रश्न आले आणि ती एकेकाला उत्तर देत गेली. दुरुस्त करता येईल का? मागचं नाही. मूळ नोंदी? कधीच नव्हत्या. फक्त हृदयाच्याच फाईली? नाही, सगळ्या. वकील कागद गोळा करू लागला. एका सदस्यानं आपल्याच संस्थेच्या लशीबद्दल विचारायला तोंड उघडलं आणि मिटलं.

अध्यक्षबाईंनी सांगितलं की गोळीला परवानगी मिळणार नाही आणि प्रयोग थांबवण्याचा आदेश निघेल. इतिवृत्त तयार होऊन सगळ्यांच्या सह्या झाल्या की तो केंद्रांना जाईल, आठवडाभरात जावा. तोवर कामकाज तहकूब.

हेमांगी जिन्यापर्यंत पोचली तेव्हा प्राची मागून आली. दोन पायऱ्या वर थांबून ती म्हणाली की तिनं खरं सांगितलं.

"विचारल्यावर सांगितलंस," हेमांगी म्हणाली.

प्राचीनं कठड्याला धरलं. खाली रस्त्यावर गाड्या चालल्या होत्या. वर दालनात चहाचे कप वाजत होते, कुणीतरी हसलंही. हेमांगीच्या डोक्यात 'आठवडाभरात' हा शब्द ठणकत होता. आज दुपारी, आत्ता, नागपुरात, बेळगावात, इंदुरात कुणीतरी जेवून उठेल, पाण्याबरोबर ती गोळी घेईल आणि छातीवरची पट्टी त्याचं सगळं ठीक आहे म्हणून लिहीत राहील. सह्या होईपर्यंत.

"केंद्रांचे फोन नंबर आहेत तुझ्याकडे?" तिनं विचारलं.

होते. प्रत्येक केंद्रात 'सार' बसवायला प्राची स्वतः गेली होती.

"मग बस इथे."

दोघी जिन्यावरच बसल्या. येणारे-जाणारे त्यांना वळसा घालून जाऊ लागले. हेमांगीनं बहिणीकडे बघितलं नाही आणि तिच्या खांद्यावर हातही ठेवला नाही. प्राचीनं पहिला नंबर लावला. पलीकडून आवाज आला तसा तिनं घसा साफ केला.

"नमस्कार, प्राची आवटी बोलतेय. 'सार' मी लिहिलंय. तुमच्या रुग्णांच्या फाईलींवर विश्वास ठेवू नका, आणि आज दुपारची गोळी कुणालाही देऊ नका." तिनं थोडं ऐकून घेतलं. "नाही, लेखी आदेश अजून नाही. आठवड्यानं येईल."

पलीकडचा माणूस नियम सांगू लागला. लेखी आल्याशिवाय त्याला काही करता येणार नव्हतं. प्राची हो, हो म्हणत राहिली आणि तिचा आवाज बारीक होत गेला.

हेमांगीनं तिच्या हातातून फोन काढून घेतला.